बापमीटरचं तिसरं वाचन

बाप व्हायची तयारी म्हणून माझ्या नवऱ्यानं ब्रह्मचर्य धरलं. हे वाक्य मी पहिल्यांदा डॉक्टरांपुढं बोलले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा विचारलं, "काय धरलं?"

हसायला हरकत नाही. मीही आता हसते. पण तेव्हा आमच्या हातात एकच संधी उरली होती. कोल्हापुरातल्या त्या केंद्रात, थंडगार नळकांड्यात, माझी चार स्त्रीबीजं गोठवून ठेवलेली होती. चारच. माझा बीजकोश एकतिसाव्या वर्षीच दमून गेला होता आणि पाचवं मिळणार नाही हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणजे मूल व्हायचं तर त्या चारांतूनच. आणि ती चार वापरायची परवानगी मिळणार की नाही, हे माझ्या नवऱ्यावर अवलंबून होतं.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी तेजल. लग्नाआधी मॅटवरची कुस्ती खेळायचे, आता कागलच्या शाळेत मुलींना तीच शिकवते. नवरा दिग्विजय मगदूम, लाल मातीतला पैलवान. पंचक्रोशीतली मैदानं त्यानं गाजवली आहेत. आता तो शामराव वस्तादांच्या तालमीत पोरं घडवतो. आमचं जुळलं ते एका स्पर्धेत, वजनकाट्याच्या रांगेत. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते आणि खोलीत गेल्यावर अरे. स्वभावानं सोन्यासारखा आहे, फक्त डोक्यात एक गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला जेसीबी लागतो.

आता बापमीटरबद्दल. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, केंद्रातले लोक बीजवाचक म्हणतात. आमच्याकडं कुणीतरी बापमीटर म्हणालं आणि तेच चिकटलं.

त्यामागची गोष्ट अशी. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात. तयार झालं की ते एका बारीक, गुंडाळलेल्या नळीतून हळूहळू पुढं सरकतं आणि तिथं मुरतं. या प्रवासात त्याच्यावर आरएनएचे अगदी छोटे तुकडे चिकटतात. शहरात शिकायला निघालेल्या पोराच्या बॅगेत आई शेवटच्या क्षणापर्यंत काहीबाही कोंबत असते ना, तसंच. बाप किती झोपला, काय खाल्लं, किती तापला, कशाचा धसका घेतला, याची खूण त्या तुकड्यांत उतरते. उंदरांमध्ये हे शास्त्रज्ञांना फार आधी दिसलं होतं. माणसांमध्ये ते वाचता येईल असं यंत्र आमच्या लग्नानंतर चार वर्षांनी आलं. नमुन्यातला थोडा भाग ते वाचतं आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल असा कौल देतं. लाल म्हणजे या घडीला या बीजावर स्त्रीबीज खर्च करू नका.

हे यंत्र आलं आणि गावोगाव उलथापालथ झाली. फाउंड्रीतली पोरं भट्टीपासून लांबची जागा मागायला लागली. साखर कारखान्यात नवविवाहितांनी रात्रपाळी नाकारली आणि साहेबांना ते मान्य करावं लागलं. स्थळं बघताना पत्रिकेबरोबर वाचन मागितलं जाऊ लागलं. आमच्या चौकातल्या पानपट्टीवाल्यानं तर पाटीच लावली की लग्न झालेल्यांना फक्त बडीशेप मिळेल. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे चार वर्षं माझ्या पोटाकडं बघून सुस्कारे सोडणाऱ्या सासूबाई आता पोराच्या ताटाकडं बघायला लागल्या.

मागणी एवढी वाढली की सरकारी योजनेत प्रत्येक जोडप्याला तीनच वाचनं ठरवून दिली. तिन्ही लाल आली तर नाव यादीतून बाहेर, मग तुमची बीजं तिथं नुसती पडून राहणार. खासगीत जायची आमची ऐपत नव्हती.

पहिलं वाचन लाल आलं.

डॉक्टर अंकलीकर मॅडमनी ते सांगितलं तेव्हा दिग्विजयनं सवयीनं माझ्याकडं बघितलं.

"तिचं नाही हो, तुमचं," मॅडम म्हणाल्या.

"माझं?"

"घाबरण्यासारखं काही नाही. शरीर सुधारतं. झोप नीट घ्या, उष्णतेपासून लांब राहा, व्यायाम बेताचा करा, भाज्या-फळं खा. तीन महिन्यांनी नवीन बीज तयार झालेलं असेल, तेव्हा पुन्हा वाचू."

त्यानं मान हलवली. माझ्यासाठीही मॅडमनी बरंच सांगितलं होतं. कुस्तीच्या दिवसांत वजन तोडून तोडून मी काटक झाले होते, ते भरून काढायचं होतं. मी मुकाट भाकरीवर तूप घ्यायला लागले. काट्यावर वजन वाढलेलं बघून खूश व्हायचं, हे माझ्यासारखीला किती अवघड जातं ते पैलवानच जाणे.

दिग्विजय मात्र केंद्रातून थेट तालमीत गेला. अंगाचं काहीही झालं, नख उपटलं तरी तो आधी वस्तादांना विचारतो. बारा वर्षांचा असल्यापासून ही रीत. संध्याकाळी तो घरी आला आणि बॅग भरायला लागला.

"कुठं निघालास?"

"तालमीत राहायला. तीन महिने."

"अरे, आपल्याला मूल पाहिजे आणि तू घर सोडून निघालास?"

"बळ साठवायला पाहिजे तेजल. वस्ताद म्हणाले, वाया गेलं म्हणून बीज हलकं झालंय. लंगोट घट्ट, पहाटे उठायचं, दुप्पट जोर-बैठका आणि ब्रह्मचर्य. मग बघ यंत्र कसं हिरवं होतंय."

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे की गं पोरी. लेकरासाठीच चाललाय न्हवं?"

मला पटलं नव्हतं. पण मीही तालमीच्या संस्कारात वाढलेली. अंग कमावलं की सगळं कमावलं, हे माझ्याही हाडात होतं. वाटलं, मन लावून काहीतरी करतोय, करू दे. मी त्याच्या बॅगेत बदाम भरून दिले. याचा मला नंतर फार राग आला, माझाच.

तीन महिने तो खरंच राबला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा, कुस्तीच्या हौदातली माती उकरायचा, पोरांबरोबर जोर करायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. रात्री घोरणाऱ्या तीस पैलवानांच्या मध्ये सतरंजीवर झोपायचा. अंगमेहनतीनंतर कढत पाण्यानं शेकायचा. माझ्याशी फोनवर बोलताना आवाज ओढलेला असायचा, पण उत्साह दांडगा. "अंग दगड झालंय बघ," म्हणायचा.

दुसरं वाचनही लाल आलं, आणि पहिल्यापेक्षा गडद.

"मधल्या काळात शेवटचा वीर्यपात कधी झाला?" अंकलीकर मॅडमनी नेहमीसारखं विचारलं.

दिग्विजयनं छाती काढली. "तीन महिन्यांत एकदा पण नाही मॅडम."

तेव्हा मी ते ब्रह्मचर्याचं वाक्य बोलले आणि मॅडमनी चष्मा पुसला. मग त्यांनी शांतपणे आम्हाला समोर बसवलं.

"दिग्विजय, बीज साठवून ताकदवान होत नाही. तुम्ही दूध तापवून कपाटात ठेवलं आणि महिन्यानं प्यायला काढलं तर काय होईल? शरीर रोज नवं बीज तयार करतं. जुनं तसंच राहिलं की शिळं होतं, त्याच्यातले गुणसूत्रांचे धागे तुटायला लागतात. दुसरी गोष्ट, वृषण शरीराच्या बाहेर का असतात? त्यांना शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. तुम्ही दिवसभर लंगोट आवळून त्यांना अंगाशी बांधून ठेवलंत, वर कढत पाण्यानं शेकलंत. तिसरी गोष्ट, झोप. चार-पाच तास झोपून दुप्पट मेहनत केली की शरीराला वाटतं आपण संकटात आहोत, आणि संकटात शरीर पोराबाळांचा विचार करत नाही."

तो खाली बघत होता. एवढा मोठा माणूस, खुर्चीत मावत नव्हता.

"अजून एक वाचन आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून घरी राहा. सैल कपडे घाला. आठ तास झोप. सकाळी चालणं आणि हलका व्यायाम, बास. आणि दर दोन-तीन दिवसांनी संबंध यायला हवा. हे औषधच समजा."

दिग्विजयचे कुस्तीत मोडलेले कान लाल झाले. "ते जमायचं नाही मॅडम. शपथ हाय."

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं.

"कसली शपथ?"

"मारुतीसमोर. हौदातली माती कपाळाला लावून. घरात पाळणा हलेपर्यंत ब्रह्मचर्य पाळीन म्हणून."

"आणि पाळणा हलायचा कसा?"

"ते केंद्रात करतात की. डबीत दिलं की झालं. त्यानं शपथ मोडत नाही, वस्तादांना विचारलंय मी."

रस्त्यावर उभं राहून मी कपाळाला हात लावला. माझी चार बीजं नळकांड्यात, माझा नवरा शपथेत, आणि मध्ये मी. मला रडू आलं, आणि रडत असतानाच मी त्याला म्हणाले, "अरे गाढवा, मोड ती शपथ."

"आपली आपण मोडता येत नाही. पाठीला त्याच हौदाची माती लागली तरच सुटते. कुणीतरी चितपट करायला पाहिजे, खऱ्या कुस्तीत. आणि मला आता तालमीत चितपट करणारा कोण हाय?"

हे तो बढाई म्हणून सांगत नव्हता. खरंच कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं जेवून आडवी झाली असताना, मी तालमीत गेले. शामराव वस्ताद उंबऱ्याशी तेलाची बाटली घेऊन गुडघे चोळत बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण खांदे अजून रुंद. लग्न केलं नाही, तालीम हाच संसार.

"ये पोरी. आत येऊ नको, तिथंच बस," ते म्हणाले. आत हौद होता आणि त्या हौदात बाईनं पाय ठेवायचा नाही असा तिथला रिवाज.

मी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? मी आयुष्यभर पाळलं. माझ्या अंगाकडं बघ या वयात."

"तुमच्या अंगाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही वस्ताद. तुम्हाला पैलवान घडवायचे होते, ते तुम्ही घडवले. मला मूल पाहिजे. दोन्हीला एकच खुराक कसा चालेल?"

ते चोळायचे थांबले. तेलाची बाटली बाजूला ठेवली.

"शपथ मी सोडवू शकत न्हाई," शेवटी म्हणाले. "माझ्या हातात न्हाई ते. मातीच्या हातात हाय. मी माझ्या वस्तादाला शब्द दिलाय की रिवाज मोडणार न्हाई. आणि एक सांगून ठेवतो, त्याला मुद्दाम पडायला सांगू नको. नुरा कुस्ती खेळणाऱ्याला मी तालमीत ठेवत न्हाई, मग तो पोटचा का असंना."

"मग मी लढते."

"काय?"

"पाठीला माती लागली पाहिजे असं रिवाज सांगतो. ती कुणी लावायची ते सांगतो का?"

"बाईनं हौदात—"

"ते मला ठाऊक आहे. पण बाईमुळं माती बाटते असं तुम्ही स्वतः कधी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. तुमची पोरं माझ्या पोरींचे डाव बघायला शाळेत येतात, तुम्हीच पाठवता. आता तेवढं मला आत घ्या."

वस्तादांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हसले, दोनच दात दिसले. "त्याच्या निम्मी हाईस तू."

"निम्म्याहून थोडी जास्त. डॉक्टरांनी वजन वाढवलंय."

"हाडं मोडून घेशील."

"माझी हाडं, माझं मूल. तुम्ही पंच व्हा."

मला वाटतं त्यांना खात्री होती की मी हरणार. किंवा खात्री नव्हती आणि म्हणूनच हो म्हणाले. ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

संध्याकाळी तालीम भरली तेव्हा मी ट्रॅकपँट आणि टीशर्ट घालून हौदाच्या कडेला उभी होते. पोरं कुजबुजत होती, हसत होती. दिग्विजयला आधी वाटलं मी डबा घेऊन आलेय. वस्तादांनी त्याला काय ते सांगितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय वेड लागलंय का तुला?"

"अहो, लंगोट बांधलाय ना? मग उतरा," मी म्हणाले. चारचौघांत अहो, सवय.

माती गार होती. मॅटवर वाढलेल्या पायांना ती सरकल्यासारखी वाटली. तिच्यात मिसळलेल्या हळद, ताक, तेल यांचा एकत्र वास येत होता. मी वाकून चिमूटभर कपाळाला लावली, मूठभर त्याच्या हातावर टाकली. सलामी झाली.

मी खेळायला उतरले होते ते जिंकायलाच. पहिल्यांदाच त्याच्या दोन्ही पायांत शिरले. त्याचे पाय उचलायचा प्रयत्न केला, तो हललाही नाही. उलट मागं सरकून त्यानं सगळं वजन माझ्या पाठीवर टाकलं. मी पोटावर, तोंडात माती. पुन्हा उठले, पुन्हा बाजूनं शिरले, पुन्हा तेच. पोरं हसायची थांबली होती. तो मला इजा होऊ नये म्हणून जपून धरत होता, आणि त्या जपण्याचाच मला संताप येत होता.

तिसऱ्यांदा मी त्याच्याखाली अडकले तेव्हा माझा श्वास फुलला होता. त्याचं डोकं माझ्या कानाशी होतं.

"बास तेजल. उठ आता. लागंल तुला."

"तू पाठ टेक."

"नुरा खेळू? मी? वस्तादांसमोर?"

"हो."

"कधी खेळलो नाही आयुष्यात."

"अरे, मला मूल पाहिजे. तुझ्यापासून पाहिजे. अजून किती स्पष्ट सांगू?"

 मग तो जे बोलला ते मी जन्मभर विसरणार नाही. इतक्या हळू बोलला की मला आधी वाटलं तो नुसता धापा टाकतोय.

"शपथ हाय तोपर्यंत मी करतोय ना काहीतरी. शपथ सुटली, घरी आलो, सगळं मॅडम सांगतील तसं केलं आणि तरी लाल आलं तर? मग माझ्यातच खोट हाय असं ठरंल. मग मी काय करू?"

चार वर्षं हा प्रश्न मी एकटीनं सोसला होता. प्रत्येक हळदी-कुंकवाला, प्रत्येक बारशाला. तो माझ्याशेजारी असायचा, पण तो प्रश्न कधी त्याच्या वाट्याला आला नव्हता. आता आला होता आणि त्याला तो पेलत नव्हता. माझा राग एका क्षणात उतरला. मला त्याची फार माया आली, त्या मातीत, त्याच्या सगळ्या वजनाखाली.

"मग आपल्या दोघांचं नाही झालं असं होईल," मी म्हणाले. "तुझ्या एकट्याचं नाही. माझ्या एकटीचंही नाही."

त्याची पकड सैल झाली. मी वळले, त्याचा डावा पाय बगलेत घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ढकललं. भिंतीसारखा माणूस, हळूच, दोन्ही खांदे टेकवून आडवा झाला. डोळे उघडे, छताकडं बघत.

  तालमीतल्या प्रत्येकाला दिसलं होतं काय झालं ते. पैलवानांच्या डोळ्यांना नुरा लपत नाही.

वस्ताद काठी टेकत हौदाच्या कडेपर्यंत आले. दिग्विजयच्या पाठीखाली बघितलं, खांदे बघितले.

"चितपट," ते मोठ्यानं म्हणाले. "पाठ टेकली. शपथ सुटली."

दिग्विजय उठून त्यांच्या पाया पडायला गेला. त्यांनी काठी आडवी धरली.

"आता दुसरं. नुरा खेळलास. ह्या तालमीचा कायदा काय हाय?"

"बाहेर काढायचं," दिग्विजय म्हणाला. 

"मग निघ. तीन महिनं ह्या उंबऱ्यावर दिसलास तर पाय मोडीन. दिवसा हिंडायचं न्हाई, रातीला घरात झोपायचं." मग ते पोरांकडं वळले. "आणि लग्न झालेल्यांनी इथं मुक्काम करायचा न्हाई. आजपासनं. कोण कोण हाय? हात वर करा."

सात हात वर झाले. त्यातला एक इतक्या घाईनं वर झाला की बाकीचे हसले.

त्यानंतरचे तीन महिने म्हणजे आमच्या संसारातला सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात चांगला काळ. तालमीवाचून दिग्विजयला काय करावं कळायचं नाही. सैल पायजमा घालून तो घरभर हिंडायचा, सासूबाईंच्या पायात पायात यायचा. पहाटे जाग आली की अंथरुणात उठून बसायचा आणि मी दंड धरून त्याला परत आडवं करायचे. झोपणं हे काम आहे हे त्याच्या गळी उतरवायला मला महिना लागला. गरम पाण्याची बादली मी कोमट करून द्यायचे. जोर-बैठकांऐवजी आम्ही संध्याकाळी तळ्याच्या कडेनं चालायचो, आणि चालता चालता त्या चार वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोलायचो. मॅडमचं औषधही वेळच्या वेळी घेतलं. सुरुवातीला दोघंही इतके गंभीर व्हायचो की शेवटी हसायलाच यायचं, आणि हसल्यावर गंभीरपणा आपोआप जायचा. सासूबाई रात्री नऊ वाजताच स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यायच्या आणि आतून खोकून आम्हाला कळवायच्या.

तिसऱ्या वाचनाच्या दिवशी आम्ही केंद्रात लवकर पोचलो. दिग्विजयनं कपाळाला काही लावलं नव्हतं, कसला नवस बोलला नव्हता. मॅडमनी पडदा आमच्याकडं वळवला.

पिवळा.

हिरवा नव्हता. मी एवढा वेळ फक्त हिरव्याची आणि लालची तयारी केली होती.

"लालवरून इथपर्यंत येणं ही मोठी गोष्ट आहे," अंकलीकर मॅडम म्हणाल्या. "पण मी खोटं सांगणार नाही. पिवळ्यात यंत्र हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. नियमानं तुम्ही आज बीजं वापरू शकता. तुमची वाचनं संपली, आज सुरुवात केली नाही तर नाव यादीतून जाईल. पुढचं तुम्ही दोघांनी ठरवायचं."

दिग्विजयनं खिशातून फोन काढला. अंगठा वस्तादांच्या नावावर गेलेला मला दिसला. बारा वर्षांचा असल्यापासूनची रीत.  बोलायचा मोह फार झाला, पण बोलले नाही.

त्यानं फोन परत खिशात ठेवला.

"यंत्राला जेवढं कळतंय तेवढं त्यानं सांगितलं," तो म्हणाला. "तेजल, मला वाटतं वापरूया. तुला?"

माझं मत आधी त्यानं कधी असं विचारलं नव्हतं. सगळं ठरवून झाल्यावर सांगायचा.

"वापरूया," मी म्हणाले.

"दोन आज आणि दोन राखून ठेवायची का?" मॅडमनी विचारलं.

"राखून कुणासाठी?" मी म्हणाले. "चारही घ्या."

चारांपैकी एक वितळवताना गेलं. दोन बीजांत पुढं काही झालंच नाही. एक वाढलं. पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला तेव्हा दिग्विजय अंगणात कपडे वाळत घालत होता. मी खिडकीतून एक बोट वर करून दाखवलं. त्यानं ओला टॉवेल छातीशी धरला आणि तसाच उभा राहिला.

गर्भ ठेवायच्या दिवशी त्याला आत येऊ दिलं. निळी टोपी त्याच्या मोडक्या कानांवर नीट बसत नव्हती. पडद्यावर मॅडमनी एक पांढरा ठिपका दाखवला, इतका लहान की बोट ठेवलं असतं तर दिसेनासा झाला असता. मग तो ठिपका माझ्या आत गेला, आणि सगळं काही क्षणांत आटोपलं.

"आता मी काय करायचं मॅडम?" दिग्विजयनं विचारलं. पायांत बळ गोळा करून, सांगाल तो डाव टाकायला तयार, असा उभा होता.

"आता तुम्ही काही करायचं नाही. तिनंही नाही. आता फक्त वाट बघायची."

मॅडम गेल्या. नर्सनं दिवा मंद केला आणि दार ओढून घेतलं. त्यानं स्टूल ओढलं, ते त्याच्या वजनानं कुरकुरलं. माझा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं तो आता मारुतीचं नाव घेईल, काहीतरी कबूल करेल, काहीतरी सोडेल, काहीतरी धरेल. त्याचे ओठ एकदा हलले.

मग तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा काहीच न करता, काहीच न बोलता, तो माझ्याशेजारी बसून राहिला. त्याला ते किती जड जात होतं ते माझ्या हाताला कळत होतं.